ओपन सोर्स प्रकल्पाची चर्चा कोणाच्या ताब्यात असते?

बेळगावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते: त्यांना गिटहब ठाऊक असते, गिट ठाऊक असतेच असे नाही. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास सांभाळणारे साधन; गिटहब म्हणजे असा कोड ठेवण्याचे आणि त्यावर चर्चा करण्याचे संकेतस्थळ. कॅम्पस मुलाखतीच्या अर्जात प्रोफाइलचा दुवा द्यावा लागतो, म्हणून खाते दुसऱ्या वर्षालाच काढलेले असते, आणि संकेतस्थळावरचे बटण दाबून फाइल चढवली की ‘कोड गिटवर टाकला’ असे म्हणून विषय संपतो. यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. जगभरातल्या अनुभवी ओपन सोर्स प्रकल्पांनीही गेल्या दीड दशकात जवळजवळ हीच गल्लत केली आहे. साधन मुक्त आहे, म्हणजे त्या साधनाभोवती कोणीतरी उभारलेली जागाही मुक्तच आहे, असे सगळ्यांनी गृहीत धरले. गिट हे जीपीएल या, कोड वापरण्याची आणि बदलण्याची मोकळीक देणाऱ्या, परवान्याखालचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. गिटहब हे २००८ मध्ये सुरू झालेले आणि २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरना मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेले खासगी संकेतस्थळ आहे, आणि ते ज्या कोडवर चालते तो कोड बंद, म्हणजे बाहेरच्यांसाठी खुला नसलेला, आहे.

हा विषय आमच्या छोट्या गटात निघाला की कोणीतरी एक उत्तर हमखास देते: गिटमध्ये प्रत्येक क्लोन ही संपूर्ण प्रत असते, पहिल्या कमिटपासूनचा (नोंदवलेल्या बदलापासूनचा) सगळा इतिहास प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असतो, तेव्हा उद्या ते संकेतस्थळ बंद पडले तरी दुसरीकडे पुश केले, म्हणजे चढवले, की झाले. हे उत्तर खरे आहे, आणि ते खरे असल्यामुळेच त्याच्या पुढचा विचार होत नाही. कोडचा इतिहास आपल्याकडे असतो. पण इश्यूंमधली (दोष आणि सूचना यांच्या नोंदींमधली) चर्चा, पुल रिक्वेस्टवरचे (बदल स्वीकारण्याच्या विनंतीवरचे) शेरे, कोणता बदल का नाकारला याची कारणे, कोणाला कोणता अधिकार दिला याची नोंद, यांतले काहीही गिटमध्ये नसते. ते त्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. खंडाने कसलेल्या जमिनीतले पीक घरी नेता येते, तिथे खणलेली विहीर नेता येत नाही, तसा हा प्रकार आहे.

आमच्या प्रकल्पाचे उदाहरण देतो, म्हणजे मी कशाबद्दल बोलत आहे ते स्पष्ट होईल. कर्नाटकातल्या जमिनीच्या नोंदी ‘भूमी’ प्रकल्पाखाली संगणकावर गेल्याला दोन दशकांहून अधिक काळ लोटला, आणि उतारा कन्नड लिपीत छापून मिळतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत असे पुष्कळ मराठी शेतकरी आहेत, ज्यांना बोललेले कन्नड कळते पण लिपी वाचता येत नाही. (कागद मराठीतून मिळावा की नाही, हा प्रश्न निराळा आणि फार जुना आहे, तो या लेखाचा विषय नाही.) आमचा प्रोग्रॅम उताऱ्यावरची कन्नड लिपीतली नावे देवनागरीत आणतो, इतकेच त्याचे काम.

ऐकायला हे काम सोपे वाटते. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतात, कन्नड आणि देवनागरी हे दोन्ही विभाग भारतीय लिप्यांसाठीच्या जुन्या इस्की संकेताच्या धर्तीवर एकाच क्रमाने मांडलेले आहेत, त्यामुळे कन्नड अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की बहुतेक वेळा समोर त्याच उच्चाराचे देवनागरी अक्षर येते. एवढ्याने भागले असते तर प्रोग्रॅम एका ओळीत संपला असता. पण कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन एकार आहेत, आणि वजाबाकी करून जे बाहेर पडते ते ‘बॆळगावि’ असते, जे मराठी वाचकाला छपाईतला दोष वाटते. मग ऱ्हस्व मात्रा साधी करायची आणि शेवटची वेलांटी दीर्घ करायची, हा नियम आला. ‘बॆंगळूरु’मधला शेवटचा उकार गाळायचा, हा दुसरा नियम, पण तोच नियम ‘विष्णु’ या नावाला लावला तर ‘विष्ण’ उरते, म्हणून माणसाच्या नावात उकार गाळायचा नाही, दीर्घ करायचा. म्हणजे समोरचा शब्द गावाचे नाव आहे की माणसाचे, हे प्रोग्रॅमला उताऱ्यावरच्या रकान्यावरून ठरवावे लागते.

या नियमाचा कोड जेमतेम दहा-बारा ओळींचा आहे. त्यामागची चर्चा मात्र कित्येक पाने भरेल. खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी जुन्या मोडी आणि मराठी कागदांत त्याच गावांची नावे कशी लिहिली जात होती ते दाखवले. गोकाककडच्या एका कन्नडभाषक मित्राने कोणत्या नावांत शेवटचा उकार मूळचाच आहे आणि कोणत्या नावांत तो कन्नडच्या सवयीने आला आहे, ते समजावून सांगितले. उद्यमबागेत सीएनसी मशीनचे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या एका मुलाने आडनावांची यादी तपासताना आमचे दोन नियम एकमेकांना छेद देतात हे शोधून काढले. या सर्वांनी एकमेकांना दिलेली उत्तरे, त्यातले मतभेद आणि शेवटी का थांबलो याची कारणे गिटहबवरच्या आमच्या इश्यूंमध्ये आहेत. कोड वाचून ती कळत नाहीत. उद्या कोणी नवा माणूस आला आणि ‘ही अट निरर्थक दिसते’ म्हणून ती काढून टाकू लागला, तर त्याला अडवायला ती चर्चाच लागेल. आपल्याकडच्या भाषांसाठी केलेल्या कामात खरा ठेवा हाच असतो असे माझे मत आहे. कोड पुन्हा लिहिता येतो, त्या तिघांना पुन्हा एकत्र आणून तेच प्रश्न विचारता येतीलच असे नाही.

आणि गंमत अशी की, गिटचा जन्मही नेमक्या याच भांडणातून झाला होता. २००२ पासून लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्याचे, काम बिटकीपर या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या खासगी मालकीच्या साधनावर चालत होते. कर्नलच्या विकसकांना ते फुकट मिळत असे, पण ते वापरणाऱ्याने प्रतिस्पर्धी साधनावर काम करू नये अशी अट होती. ज्यांना बिटकीपर नको होते त्यांच्यासाठी कंपनीने सीव्हीएस या जुन्या साधनाचा एक जोडमार्ग ठेवला होता; त्यातून कोड मिळे, इतिहासाचे सगळे तपशील मात्र मिळत नसत. ते तपशील बिटकीपरविना वाचता यावेत म्हणून अँड्र्यू ट्रिजेल या मुक्त सॉफ्टवेअरच्या विकसकाने त्याचा संवाद-संकेत उलगडण्याचे काम हाती घेतले, त्यावरून वाद पेटला, कंपनीने फुकट परवाना काढून घेतला, आणि एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. म्हणजे त्या वेळीही कोड कोणी अडवून धरला नव्हता; अडला होता तो कोडभोवतीचा तपशील. गिटने त्या तपशिलाचा एक भाग मोकळा केला आणि उरलेला भाग, म्हणजे माणसांमधले बोलणे, आपण स्वतःहून दुसऱ्या एका कंपनीकडे नेऊन ठेवला.

कर्नलच्या लोकांनी मात्र तसे केले नाही. गिटहबवर कर्नलची प्रत आहे, पण ती केवळ प्रत आहे. चर्चा आणि पॅच (कोडमधले प्रस्तावित बदल) अजून ईमेलच्या याद्यांवरच चालतात, आणि त्या याद्यांचा संग्रह ज्या सॉफ्टवेअरवर ठेवलेला आहे ते सॉफ्टवेअर पत्रेही गिटच्या रिपॉझिटरीतच (साठ्यातच) साठवते, त्यामुळे कोडप्रमाणे चर्चेचीही संपूर्ण प्रत कोणालाही उतरवून घेता येते. ही पद्धत जुनाट दिसते, नवशिक्याला घाबरवते, आणि आमच्या खानापूरच्या सरांना ती कधीच जमणार नाही, हे मी जाणतो. पण प्रश्नाचे उत्तर तिथे आहे, एवढे मान्य केले पाहिजे.

संकेतस्थळे बंद पडतात किंवा बदलतात, हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये निघालेल्या सोर्सफोर्जवर एके काळी सगळे जग होते. दोन वर्षांतच त्या संकेतस्थळाचा स्वतःचा कोड बंद झाला, आणि २०१५ मध्ये गिंप या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅमच्या विंडोजसाठीच्या इन्स्टॉलरला जाहिरातींची पुरवणी जोडल्यावरून त्याची उरलीसुरली पत गेली. (नंतर मालक बदलले आणि तो प्रकार थांबला, हेही सांगायला हवे.) गुगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले. मराठी छापील मजकूर ओळखण्यासाठी आपण वापरतो ते टेसेरॅक्ट त्या काळी तिथेच होते. बिटबकेट तर मर्क्युरियल या गिटसारख्या साधनासाठीच जन्माला आले होते, आणि २०२० मध्ये त्यानेच मर्क्युरियल काढून टाकले.

याहून मला सीमाभागात बसून अधिक खुपणारी बाब वेगळी आहे. कंपनी चांगली असली, नफ्यात असली, तरी ती कुठल्यातरी एका देशाच्या कायद्याखाली असते आणि आपण दुसऱ्या एका सरकारच्या हुकमाखाली असतो. डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशाने भारतात ३२ संकेतस्थळे रोखली गेली. कारण दहशतवादी संघटनेच्या मजकुराचे होते, आणि यादीत व्हिमिओ, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह यांच्याबरोबर गिटहबचेही नाव होते. काही दिवसांत ते पूर्ववत झाले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या वापरकर्त्यांच्या खात्यांवर गिटहबने मर्यादा घातल्या. इराणसाठीचा अमेरिकी सरकारचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेच्या नोटिशीवरून यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ उतरवून घेण्याच्या साधनाचा प्रकल्प तिथून उतरवला गेला आणि नोव्हेंबरमध्ये परत आला. या तिन्ही वेळी ज्यांच्याकडे क्लोन होता त्यांचा कोड शाबूत राहिला. इश्यू आणि त्यांतली उत्तरे मात्र दार उघडेपर्यंत आतच राहिली. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या कचेऱ्यांमध्ये कागद अडकणे म्हणजे काय, हे जिथे घरोघरी माहीत आहे, तिथे हा मुद्दा मला फार समजावून सांगावा लागत नाही.

अलीकडे लोक सोडून जातात ते निराळ्या कारणासाठी. २०२१ मध्ये उघड्यावरच्या कोडवरून शिकून नवा कोड सुचवणारे गिटहबचे कोपायलट आले, २०२२ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने ‘गिटहब सोडा’ अशी मोहीम सुरू केली, २०२५ मध्ये गिटहबचे मुख्याधिकारी पायउतार झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्यांच्या जागी नवा माणूस न नेमता गिटहब आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागाखाली आणले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस झिग या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा प्रकल्प कोडबर्ग या गिटहबसारख्या दुसऱ्या संकेतस्थळाकडे गेला. त्यांचा राग मला समजतो, पण आमच्यासाठी हे कारण दुय्यम आहे. उघड्यावर ठेवलेला कोड कुठूनही वाचता येतो. घर बदलल्याने वाचणारा थांबत नाही.

मग स्वतःचा सर्व्हर चालवावा का? मोठ्या संस्थांनी चालवला आहे. लिनक्सच्या जगातले ग्नोम आणि डेबियन हे प्रकल्प २०१८ मध्ये, केडीई २०२० मध्ये स्वतःच्या यंत्रणेवर चालवलेल्या गिटलॅब या गिटहबसारख्या सॉफ्टवेअरवर गेले. पण आपल्या भागात असे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो, सर्व्हरची देखभाल कोण करणार, आणि तो करणारा मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला गेल्यावर काय. हा प्रश्न फक्त लहान गटांचा नाही. लोहित देवनागरी फाँटचे काम ज्या फेडोरा होस्टेडवर होते, ती जागा मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारी आणि चांगल्या हेतूची होती. तरीही देखभाल परवडेना म्हणून २०१७ मध्ये ती बंद करावी लागली. म्हणून ‘खासगी वाईट आणि स्वतःचे चांगले’ अशी सरळ वाटणी मला पटत नाही. बर्लिनच्या नोंदणीकृत संस्थेने चालवलेले कोडबर्ग हा मला पटणारा मधला मार्ग वाटतो: सभासद वर्गणी भरतात आणि वार्षिक सभेत मत देतात, आणि ते ज्यावर चालते ते फोर्जेयो हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. पतसंस्था आणि वाचनालये यांच्या सभांना बसलेल्या माणसाला हा कारभार लगेच कळतो, त्यातल्या कटकटींसह.

मोझिलाने मे २०२५ मध्ये फायरफॉक्सचा कोड गिटहबवर नेला तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली, पण मला त्यांचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला वाटला. कोड तिथे गेला. दोषांची नोंद मात्र त्यांच्या स्वतःच्या बगझिलामध्येच राहिली आणि पुल रिक्वेस्ट ते तिथे स्वीकारत नाहीत. जे सहज उचलता येते ते परक्या जागी ठेवले, जे उचलता येत नाही ते घरी ठेवले. पायथन भाषेच्या सीपायथन या मूळ प्रकल्पाने २०२२ मध्ये नेमके उलट केले: स्वतःच्या संकेतस्थळावरची वर्षानुवर्षांची इश्यूंची नोंद गिटहबवर हलवली. त्यांच्याकडे ती हलवण्यासाठी माणसे होती आणि परत आणायची वेळ आली तर तेव्हाही मिळतील. आमच्याकडे तशी माणसे नाहीत, म्हणून मोझिलाचा मार्ग आम्हाला जवळचा.

आम्ही आतापर्यंत जे केले ते असे. एक छोटी स्क्रिप्ट दर आठवड्याला गिटहबच्या एपीआयमधून (प्रोग्रॅमला माहिती देणाऱ्या दारातून) सगळे इश्यू आणि त्यांवरची उत्तरे उतरवते आणि प्रत्येक इश्यूची एक साधी मजकूर फाइल करून रिपॉझिटरीतल्याच ‘चर्चा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. आता कोणी क्लोन केला की कोडबरोबर चर्चाही येते, आणि इंटरनेट नसतानाही ती शोधता येते. संपूर्ण रिपॉझिटरीची मिरर प्रत कोडबर्गवर जाते. कमिटच्या संदेशात पूर्वी आम्ही ‘क्रमांक ४७ नुसार बदल’ एवढेच लिहीत असू. दुसरीकडे गेल्यावर ते क्रमांक तसेच राहतील याची खात्री नसते, कारण इश्यू आणि पुल रिक्वेस्ट यांचे क्रमांक एकाच मालिकेतले असतात आणि नव्या जागी त्यांतले काही आले नाहीत तर बाकीचे सरकतात. म्हणून आता कारण संदेशातच दोन वाक्यांत लिहायचे, असा दंडक घातला आहे. मुले कुरकुरतात, पण लिहितात.

अडचण आली ती छायाचित्रांची. लोकांनी इश्यूमध्ये खऱ्या उताऱ्यांचे फोटो टाकले होते, ‘इथे नाव चुकीचे येते’ हे दाखवण्यासाठी. फोटो मजकुरात नसतात. मजकुरात फक्त दुवा असतो आणि फोटो त्या प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरवर असतो. ते उतरवून घेणे अवघड नाही, पण त्यांवर मालकाचे नाव आहे, सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र आहे, कर्जाचा बोजा आहे. प्रत्येक क्लोनबरोबर हे सगळे जगभर पाठवायचे का? शिवाय उत्तरे लिहिणाऱ्यांनी ती एका ठिकाणी लिहिली होती. ती दुसरीकडे नेण्याआधी त्यांना विचारायला हवे होते, आणि सगळ्यांनी होकार दिला असला तरी काही जणांनी आपले नाव काढून फक्त मजकूर ठेवायला सांगितले. बाहेर पडण्याचा मार्ग सुरुवातीपासून आखलेला नसला की असे प्रश्न एकदम समोर येतात. तूर्त मजकूर जातो, फोटो जात नाहीत. ज्या फोटोंवर नाव आणि नंबर झाकले आहेत तेवढेच ‘चर्चा’मध्ये येतात, आणि झाकण्याचे काम एक विद्यार्थिनी सवडीने करते आहे.

खानापूरच्या सरांनी इश्यू कधीच लिहिला नाही. त्यांना खाते काढून दिले होते, पण पासवर्ड आणि मोबाइलवरचा कोड यांत त्यांचे मन रमले नाही. ते दुरुस्त्या व्हॉट्सॲपवर पाठवतात, बहुधा वहीच्या पानाचा फोटो काढून, आणि खाली लिहितात, ‘योग्य वाटल्यास घ्यावे.’ पूर्वी मी त्या दुरुस्त्या इश्यूत नकलून काढत असे. आता थेट ‘चर्चा’मध्ये त्यांच्या नावाने फाइल करतो. व्हॉट्सॲप हीही एका कंपनीचीच मालमत्ता आहे हे मला दिसते, पण मजकूर तिथून निघून आमच्या रिपॉझिटरीत येतो आणि तिथे राहतो, एवढ्यावर मी समाधान मानले आहे.

मुख्य पत्ता अजून बदललेला नाही, तो गिटहबवरचाच आहे. मागच्या बैठकीत तो विषय काढला तेव्हा एका मुलाने सरळ विचारले, “सर, तिकडे गेलो तर प्रोफाइलवरचे माझे हिरवे चौकोन जातील का?” कोणी कोणत्या दिवशी किती काम केले ते गिटहब प्रोफाइलवर अशा चौकोनांनी दाखवते. त्याचा प्रश्न व्यवहाराचा होता, मुलाखत घेणारा कोडबर्ग उघडून बघेल याची हमी मी देऊ शकत नव्हतो. आपोआप चाचण्या चालवण्याची सोयही त्या जुन्या जागीच फुकट आणि बऱ्यापैकी वेगात मिळते, आणि तिची मांडणी त्या प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पद्धतीने लिहिलेली असल्यामुळे ती दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही. म्हणून चाचण्यांच्या आज्ञा आधी एका साध्या शेल स्क्रिप्टमध्ये काढून घ्यायच्या, म्हणजे कोणत्याही यंत्रावर त्या एका ओळीत चालवता येतील, असे ठरले. नवे इश्यू यापुढे कोडबर्गवर उघडायचे आणि जुन्या जागी तशी सूचना लावायची. या तुकडीच्या मुलाखती उरकल्या की पुल रिक्वेस्टचे काय करायचे ते पुढच्या बैठकीत बघू.